राजा सर्वशक्तिमान होता, तर त्याला स्टॅम्प पेपर का विकावा लागला?

मुद्रांकवाला

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मुलगी फ्रान्सात रेन शहरी असते. यंदा उन्हाळ्यात दोन महिने तिच्याकडे होतो. एका रविवारी तिने गाडी काढली आणि आम्ही ब्रिटनीच्या पार टोकाला पाँ-लाबे नावाच्या गावी गेलो. (ब्रिटनी म्हणजे ब्रिटन नव्हे. फ्रान्सचा पश्चिमेला समुद्रात घुसलेला नाकाडासारखा भाग.) तिथे लांबूर नावाचं जुनं चर्च आहे. छप्पर गेलेलं, कमानी उभ्या, आणि घंटेचा मनोरा वरून कापून नेल्यासारखा. मला वाटलं वीज पडली असेल, नाहीतर महायुद्धातला बॉम्ब. मुलगी म्हणाली, "नाही बाबा, हा तुमच्या धंद्यापायी पडलाय."

माझा धंदा जुन्या सभासदांना माहीत आहे. एकतीस वर्षं दुय्यम निबंधक कचेरीच्या दारात पत्र्याच्या शेडमध्ये मुद्रांक विकले आणि दस्त लिहिले. खरेदीखत, गहाणखत, हक्कसोड, वाटणीपत्र.

तर झालं असं. कोर्टात दाखवायची वेळ येईल असा कुठलाही कागद सरकारी छापाच्या विकतच्या कागदावरच लिहायचा, असा हुकूम लुई चौदाव्याच्या सरकारने काढला. शिवाय तंबाखूचा मक्ता आणि कथलाच्या भांड्यांवर छाप मारण्याचा कर. १६७५ साली ब्रिटनीत त्यावरून दंगली उसळल्या. आधी रेन आणि नांत शहरांत, मग खेड्यांत. शेतकऱ्यांनी लाल टोप्या घालून जमीनदारांचे वाडे फोडले. गावं गोळा करायला ते चर्चच्या घंटा बडवत, म्हणून बंड मोडल्यावर गव्हर्नराने मनोरेच उतरवले. लांबूरचा, आणि आसपासच्या आणखी काही गावांचे. गावातली मंडळी सांगतात की तिथल्या बायकांची ती उंच पांढरी नळकांड्यासारखी टोपी त्याच पाडलेल्या मनोऱ्याची आठवण.

माझा प्रश्न साधा आहे. शाळेत आपण शिकलो की मध्ययुगात सरंजामदार बळकट होते आणि राजा दुबळा. मग तोफा आल्या, व्यापार वाढला, राजाने सरंजामदार मोडले, निरंकुश राजेशाही आली आणि तिच्यातून राष्ट्र-राज्यं जन्मली. लुई चौदावा म्हणजे त्यातला मुकुटमणी. मग एवढ्या सर्वशक्तिमान माणसावर कागदाचे ताव विकायची वेळ का यावी? मुद्रांक शुल्क कोण लावतं हे मी जन्मभर पाहिलंय. ज्याला सरळ खिशात हात घालता येत नाही तो लावतो.

चहाटळ

काका, लुईला सांगा, शंभराचा बंद झाला, आता पाचशेचाच घ्यावा लागतो.

भोचक

पहिला नंबर हुकला. लेख आवडला, पण प्रश्न थोडा उलटा वाटतो. कर लावता आला म्हणजेच राजा बलवान झाला ना? मध्ययुगात राजाने 'तुझ्या खरेदीखतावर मला पैसे दे' म्हटलं असतं तर सरंजामदारांनी त्यालाच हाकलला असता. "मीच राज्य आहे" म्हणणारा माणूस होता तो. उमरावांना व्हर्सायला आणून ठेवलं आणि रात्री झोपताना मेणबत्ती कोणी धरायची यावरून आपसात झुंजवलं. सकाळी सदरा कोणी द्यायचा याचाही मान. याला ताकद नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

तुंगभद्रा

@भोचक, "मीच राज्य" हे वाक्य त्याने म्हटल्याचा समकालीन पुरावा नाही. १६५५ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात म्हटलं अशी गोष्ट नंतर जोडली गेली. उलट मरताना, १७१५ मध्ये, तो जे म्हणाल्याची नोंद आहे ते असं: मी जातोय, पण राज्य कायम राहणार आहे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मेणबत्तीचं खरं आहे. पण दरबार व्हर्सायला कायमचा गेला १६८२ मध्ये, म्हणजे या बंडानंतर सात वर्षांनी. आणि गेले किती? काही हजार. बाकीचे बहुसंख्य उमराव आपापल्या गावीच होते. जे गेले त्यांना राजा पेन्शनी देत होता, हुद्दे देत होता. मोडलेल्या माणसाला पेन्शन कोण देतो?

रेणुका_कुं

मुद्रांकवाला काका, तुमच्या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर: युद्ध.

१६७२ मध्ये लुईने हॉलंडवर स्वारी केली. लवकरच संपेल असं वाटलं होतं. डचांनी बंधारे फोडून आपलाच मुलूख पाण्याखाली घातला आणि युद्ध १६७८ पर्यंत रेंगाळलं. पैसा संपला. कोल्बेर त्याचा अर्थमंत्री. काटकसरी माणूस, हिशेबाचा पक्का. त्याने युद्धाआधी दहा वर्षं घासून घासून खजिना जरा रांगेला आणला होता, तो सगळा मातीत गेला. मग जे सुचेल त्यावर कर: कागद, तंबाखू, कथलाची ताटं.

आणि यातली गंमत तुम्हाला आवडेल. मुद्रांकाचा कागद ही कल्पनाच मुळी डचांची. हॉलंडमध्ये १६२४ मध्ये तो पहिल्यांदा सुरू झाला, तोही स्पेनशी लढायला पैसा हवा म्हणून. म्हणजे लुई डचांशी लढत होता तो डचांनीच शोधलेल्या करावर.

आता 'सरळ खिशात हात का नाही घातला' याबद्दल. सरळ कर होता, ताय नावाचा. पण उमराव आणि धर्मगुरू त्यातून बहुतांशी मोकळे. ज्यांच्याकडे पैसा ते सुटलेले, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांच्याकडून आणखी किती काढणार? त्यातून ब्रिटनीची गोष्ट वेगळी. हा प्रांत १५३२ मध्ये फ्रान्सला जोडला गेला तेव्हा करार झाला होता: इथल्या प्रांतसभेच्या संमतीशिवाय नवा कर नाही. १६७३ मध्ये या सभेने राजाला लाखो लिव्र मोजून काही त्रासदायक फर्मानं रद्दही करून घेतली होती. पैसे घेतले आणि थोड्याच काळात नवे कर येऊन धडकले. चिडणार नाहीत तर काय.

नांगरट

म्हणजे राजाने लाच घेऊन काम केलं नाही. हा तर आमच्या तालुक्याचाच अनुभव. पैसे घेऊन काम करणारा तरी इमानदार म्हणायचा.

मुद्रांकवाला

रेणुकाताई, हे माहीत नव्हतं. तुंगभद्रा, पेन्शनीचा मुद्दा पटला.

अवांतर: रेनच्या जुन्या बाजारात मुलीने मला असा एक मुद्रांकाचा ताव घेऊन दिला, १७४३ सालचा. वर डाव्या बाजूला लिलीच्या फुलाचा छाप, त्यात किंमत. खाली लेखकाने लगेच मजकूर सुरू केलाय, जागा फुकट जाऊ नये म्हणून अक्षर बारीक, ओळी गच्च. हातात धरला आणि हसू आलं. आम्हीही असंच लिहायचो. दुसरं पान लागलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं.

तुंगभद्रा

काका, तुमच्या प्रश्नाची खरी गोम कागद विकण्यात नाही, हुद्दे विकण्यात आहे.

फ्रान्समध्ये न्यायाधीश, कर-अधिकारी, नोटरी, कोठीवाले, एवढंच काय मिठाच्या गोदामावरचा मोजणारासुद्धा, सगळी पदं राजा विकत असे. १६०४ पासून पोलेत नावाचा सालीना भरणा सुरू झाला. पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा दरवर्षी भरा, पद तुमच्या पोराकडे वारसाने जाईल. कोल्बेरने १६६४ मध्ये मोजदाद करवली तेव्हा अशी सुमारे ४६ हजार पदं निघाली.

आता विचार करा. न्यायाधीशाने पद विकत घेतलंय, ते त्याची मालमत्ता आहे. राजाला त्याला काढायचं असेल तर पैसे परत द्यावे लागतील, आणि पैसे असते तर पद विकलंच कशाला असतं? निरंकुश राजाला स्वतःचा कारकून काढता येत नाही अशी अवस्था. म्हणून मग त्याने प्रांतोप्रांती इंटेंडंट नेमले. ते विकत नव्हते, राजा नेमी आणि राजाच काढी. पण अख्ख्या देशाला, म्हणजे दोन कोटी माणसांना, असे जेमतेम तीस. एकेका प्रांताला एक माणूस, चार-दोन मदतनीस आणि घोडा. आजच्या एका तहसील कचेरीत याहून जास्त माणसं चहा पीत असतात.

भोचक

@तुंगभद्रा, हे ४६ हजारवालं जबरी आहे. माझा सदरा-मेणबत्तीचा मुद्दा तात्पुरता मागे घेतो. तात्पुरता.

दर्यावर्दी

नांतमध्ये बारा वर्षं राहतोय म्हणून दोन दुरुस्त्या.

एक, काका, त्या टोपीची कथा बिगुदेन (म्हणजे पाँ-लाबेच्या आसपासच्या) भागात सगळे सांगतात, पण ती कथाच आहे. ती टोपी फूटभर उंच झाली विसाव्या शतकात. जुन्या चित्रांत ती बसकी आहे. लोकांना मनोरा आठवला तो टोपी वाढल्यावर.

दोन, बंडखोरांचा सर्वात गाजलेला पुढारी कोण होता माहीत आहे? सेबास्तियँ ल बाल्प. धंद्याने नोटरी. म्हणजे काका, तुमचाच जातभाई. सप्टेंबर १६७५ मध्ये एका उमरावाला त्याच्याच गढीत ओलीस धरलं होतं, तिथे त्या उमरावाने तलवार चालवली आणि ल बाल्प मेला. पुढारी गेल्यावर बंड विस्कटलं.

हे सगळं इथे अजून जिवंत आहे. २०१३ मध्ये सरकारने ट्रकांवर पर्यावरण-कर लावायचं ठरवलं, तर ब्रिटनीत लोक लाल टोप्या घालून रस्त्यावर आले. कर मोजणाऱ्या कमानी जाळल्या आणि सरकारला कर थांबवावा लागला. लुईपेक्षा प्रजासत्ताक लवकर नमलं. आणि रेनमधलं ब्रिटनीच्या जुन्या न्यायसभेचं, पार्लमांचं, देखणं घर १९९४ मध्ये मच्छीमारांच्या मोर्चानंतर पेटलं. आता पुन्हा बांधून काढलंय. काकांनी पाहिलंच असेल.

मुद्रांकवाला

पाहिलं ना! लाकडी छत सोनेरी. ते जळलं होतं हे वाटाड्याने सांगितलं तेव्हा खरं वाटेना.

आणि ल बाल्प नोटरी होता हे वाचून छाती दोन इंच फुगली. पण असंही वाटतं की नोटरीचं दुखणं वेगळं असणार. कागद महागला की गिऱ्हाईक कमी येतं, तोंडी व्यवहार वाढतात. आमच्याकडेही रेडी रेकनर वाढला की पंधरा दिवस शेड ओस.

प्राजक्त७

या दंगलीबद्दल मादाम द सेव्हिन्येच्या पत्रांत धमाल आहे. (ती स्वतः ब्रिटनीतली जमीनदारीण, त्यामुळे तिची सहानुभूती कुठे ते ओळखा.) तिने लिहिलेली एक हकीकत अशी. एका गावच्या पाद्र्याकडे लंबकाचं घड्याळ आलं. गावकऱ्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. ते ओरडायला लागले, ही गाबेल आहे, ही गाबेल आहे! गाबेल म्हणजे मिठाचा कर. ब्रिटनीत तो नव्हता, पण आता येणार अशी आवई होती. पाद्री हुशार. म्हणाला, लेकरांनो, तुम्हाला काय कळतंय, ही गाबेल नाही, हा ज्युबिली आहे. म्हणजे पोपकडून येणारी पापमुक्ती. सगळे गुडघ्यावर.

बंडखोरांचा एक जाहीरनामा आहे, त्यात तर लिहिलंय की गाबेल आणि तिची पोरं यांना कोणी थारा देऊ नये, दिसली तर पिसाळलेल्या कुत्र्यासारखी गोळी घालावी. कर ही कोणीतरी बाई आहे असं समजून.

चहाटळ

जीएसटीला पोरं किती?

नांगरट

चार. ५, १२, १८, २८. आता दोन उरली म्हणतात.

गनिमी_कावळा

पण मंडळी, सरंजामदारांच्या गढ्या पाडणं हे तर खरंच झालं ना? लुई तेराव्याचा मंत्री रिशल्यू, त्याने १६२६ मध्ये सरहद्दीवर नसलेले किल्ले पाडायचं फर्मान काढलं. सभासदाच्या बखरीत महाराजांनी देशमुखांचे वाडे-कोट पाडल्याचं आहे. आणि आज्ञापत्रात अमात्य वतनदारांना 'राज्याचे दायाद' म्हणतात, म्हणजे भाऊबंद, वाटा मागणारे. वतन मोडू नये, पण मोकळंही सोडू नये, अशी ती कसरत. हे आणि लुईचं तंतोतंत जुळतं. फक्त आपल्याकडे मेणबत्ती धरायला लावत नव्हते.

रेणुका_कुं

@गनिमी_कावळा, तंतोतंत नको. एक शब्द जुळला की सगळं जुळवायचा मोह होतो. रिशल्यूसमोर धर्मयुद्धांनी पोखरलेला देश होता. ला रोशेल हे प्रॉटेस्टंटांचं बंदर त्याला वर्षभर वेढा घालून १६२८ मध्ये घ्यावं लागलं. मात्र 'दायाद' हा शब्द मला फार आवडला. लुई आणि त्याचे हुद्देदार यांचं नातं त्याहून नेमक्या शब्दात सांगता येणार नाही. लांगदोक प्रांतात गोळा झालेल्या करातला मोठा हिस्सा तिथल्याच बड्या घराण्यांच्या पदरात पडायचा: पगार, व्याज, मेहनताना म्हणून. राजाने त्यांना मोडलं नाही, भागीदार केलं. सामान्य माणसाकडून काढायचं आणि वाटून घ्यायचं, राजा मोठा भाऊ.

कोकणकडा

आत्तापर्यंत गप्प बसलो होतो. पण या धाग्यात लुईचा पार गरीब बिचारा करून टाकलाय. हुद्दे विकले, कागद विकला, भागीदार केले. हे सगळं खरं असेल, पण ज्या माणसाच्या अंगावर ही सत्ता पडली त्याला विचारा.

१६८१ पासून प्रॉटेस्टंट कुटुंबांच्या घरात मुद्दाम शिपाई मुक्कामाला ठेवायला सुरुवात झाली. खायचं-प्यायचं घरमालकाने बघायचं, शिपायाने हवा तो धिंगाणा घालायचा, धर्म बदललात की शिपाई उठणार. १६८५ मध्ये, त्याच्याच आजोबाने १५९८ मध्ये दिलेलं, प्रॉटेस्टंटांना धर्म पाळायची मोकळीक देणारं नांतचं फर्मान रद्द. सुमारे दोन लाख लोक देश सोडून गेले: हॉलंड, इंग्लंड, बर्लिन. कुठल्या न्यायाधीशाने अडवलं? कुठल्या प्रांतसभेने?

तुमच्या ब्रिटनीतही हिवाळ्यात शिपाई घरोघरी घातलेच ना? रेनच्या पार्लमांला शिक्षा म्हणून व्हानला हाकललं ते १६९० मध्ये परत आलं. पंधरा वर्षं! त्या न्यायाधीशांनी पदं विकत घेतली होती, म्हणून काय झालं?

वाटाघाट होती ती वरच्यांशी. खालच्यांशी नव्हती. हे लिहिलं नाही तर 'निरंकुश राजेशाही हा गैरसमज' असा व्हॉट्सॅप फॉरवर्ड तयार होईल.

तुंगभद्रा

@कोकणकडा, नेमकं बोट ठेवलंत. मी 'राजा दुबळा' म्हणत नव्हतो, पण वाचताना तसं वाटतंय खरं. दुरुस्ती स्वीकारतो. फक्त एक जोड: रद्द केलेल्या फर्मानाला वरच्या वर्गातून जवळजवळ विरोधच झाला नाही, उलट वाहवा झाली. जिथे बडे लोक राजाशी सहमत तिथे तो खरोखर निरंकुश. जिथे त्यांच्या खिशाला हात लागतो तिथे नाही. १६९५ मध्ये पहिल्यांदा उमरावांनाही लागू होणारा डोईपट्टीचा कर आणला, युवराजसुद्धा त्यात होता. पुढच्या काही दशकांत सवलती मिळवून वरचे लोक हळूहळू निसटले.

आणि पैशाची चणचण किती? १६८९ मध्ये व्हर्सायचं चांदीचं फर्निचर वितळवून नाणी पाडली. मेजं, कुंड्या, दिवे.

भोचक

मेणबत्तीचा स्टँडही गेला म्हणजे. माझा मुद्दा आता कायमचा मागे.

सह्याद्री_ओस्लो

इंग्लंडचं कोणीच काढलं नाही? तिथे चार्ल्स पहिल्याने संसदेशिवाय अकरा वर्षं कारभार केला, जहाजपट्टी वसूल केली, शेवटी १६४९ मध्ये डोकं गमावलं. १६८८ नंतर संसद वरचढ झाली. आता मजा बघा. ज्या देशात राजा मोकळा नव्हता तिथला माणूस अठराव्या शतकात फ्रेंच माणसापेक्षा जास्त कर भरत होता! १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड उभी राहिली ती सरकारला १२ लाख पौंड कर्ज द्यायला, आणि त्याच साली इंग्लंडनेही मुद्रांक शुल्क लावलं. लुईशी लढायला. दंगल नाही. कारण कर ठरवणारेच कर भरणारे होते, निदान काही अंशी. सावकाराला ठाऊक की राजा बदलला तरी संसद पैसे परत करेल.

काकांच्या वाक्याला जोड म्हणून: ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे तोही मुद्रांक लावतो. फरक एवढाच की त्याला मनोरे पाडावे लागत नाहीत.

(डेन्मार्कने तर १६६५ मध्ये राजाची निरंकुश सत्ता चक्क कायद्यात लिहून ठेवली. आणि पोलंडमध्ये एका सभासदाने 'नाही' म्हटलं तर अख्खी संसद बरखास्त. १७९५ पर्यंत देश नकाशावरून गेला. आमची सोसायटी याच मार्गाने चाललीय.)

गोंयकार_मावळा

'राष्ट्र' शब्द तिकडच्या काळात नीट बसत नाही हे आम्हा गोव्याच्या माणसांना लवकर कळतं. १५८० ते १६४० पोर्तुगालचा राजा म्हणजे स्पेनचा राजा. आग्वाद किल्ला १६१२ चा, म्हणजे पोर्तुगीज किल्ला, स्पॅनिश राजा. मग १६४० मध्ये पोर्तुगाल फुटला, त्याच वर्षी कातालोनियाही करांवरून आणि फौजेच्या मुक्कामांवरून उठलं. मुंबई तर हुंड्यात गेली. मुलूख म्हणजे घराण्याची इस्टेट.

दर्यावर्दी

+१. ब्रिटनीही लग्नातूनच आली. तिथली वारसदार आन, तिने एकामागून एक दोन फ्रेंच राजांशी लग्न केलं, मग तिच्या मुलीचं लग्न तिसऱ्याशी. १५३२ चा करार त्यानंतरचा. काकांच्या भाषेत: हे राज्य खरेदीखताने नाही, वारसाने मिळालं.

प्राजक्त७

राष्ट्राचा विषय निघालाच आहे तर सेव्हिन्येचंच अजून एक. बंड मोडल्यावर शिपाई दिसले की शेतकरी गुडघ्यावर बसून 'मेआ कुल्पा' म्हणत, म्हणजे माझी चूक. ती लिहिते, त्यांना येणारा फ्रेंचमधला हा एकच शब्द. विनोद असा की तो लॅटिन आहे. फ्रेंच त्यांना येतच नव्हती. ब्रेटन ही वेल्शच्या कुळातली भाषा. १५३९ च्या फर्मानाने कोर्टाचं कामकाज फ्रेंचमध्ये आणलं, पण लोकांच्या तोंडी? १७९४ मध्ये, म्हणजे क्रांती होऊन राजाचं डोकं उडाल्यावर, आबे ग्रेग्वार नावाच्या क्रांतिवादी पाद्र्याने पाहणी करून सांगितलं की नीट फ्रेंच बोलणारे ३० लाखच आहेत, अडीच-पावणेतीन कोटींच्या देशात. राज्य आधी आलं, राष्ट्र नंतर शाळेत शिकवलं गेलं. ब्रिटनीच्या शाळेत ब्रेटन बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात खडावा अडकवत, दुसरं कोणी बोलताना सापडेपर्यंत.

कोकणकडा

माझ्या भाचीच्या शाळेत मराठी बोललं की दहा रुपये दंड आहे. लाकडी खडावा तरी नाही.

नांगरट

दहा रुपयांच्या स्टॅम्पवर माफीनामा द्या म्हणावं.

संपादक

शाळा आणि माध्यमाच्या वादासाठी स्वतंत्र धागा आहे. इथे धाग्याचं काश्मीर करू नये, म्हणजे विषय भरकटवू नये, ही विनंती.

प्राजक्त७

आज्ञा शिरसावंद्य. मुद्रांकवाला काका, तो १७४३ चा ताव, त्याचा फोटो टाकाल का? जुनी फ्रेंच हस्ताक्षरं वाचायचा थोडा नाद आहे.

मुद्रांकवाला

टाकला आहे. उजेड कमी होता, मुलीने मोबाइलची बॅटरी धरली.

दरम्यान मी सगळं दोनदा वाचलं. माझ्या प्रश्नात गडबड होती. मला वाटत होतं सत्ता म्हणजे एका माणसाच्या हातात असते किंवा नसते. इथे दिसतंय की हुकूम वरून सुटतो, पण वसुली ज्याच्या हातून व्हायची तो माणूस आपला वाटा ठेवूनच ती करतो. मी स्वतः शेकड्याला कमिशन घेत होतो की! सरकारचा मीही दायादच. कोकणकडा म्हणतात तेही खरं, की शेडसमोर रांगेत उभ्या असलेल्याला यातलं काही दिसत नाही. त्याला मी म्हणजेच सरकार.

प्राजक्त७

काका, वाचला! सगळा नाही, तिसऱ्या ओळीपाशी घडी पडल्याने दोन शब्द गेलेत. दोन भाऊ आहेत. वडील वारले, जमीन वाटली. थोरल्याच्या वाट्याला विहीर आली, तर धाकट्याने तिथवर गुरं घेऊन थोरल्याच्या बांधावरून जायचं, थोरल्याने अडवायचं नाही. धाकट्याने बांधाला खिंडार पडलं तर बुजवून द्यायचं. शेवटी नोटरीच्या दोन सह्या, आणि भावांबद्दल एक ठरीव वाक्य: सही करता येत नाही असं त्यांनी सांगितलं. मजकूर सगळा फ्रेंच. भावांना ती येत असण्याची शक्यता कमीच. नोटरीने ब्रेटनमध्ये समजावलं असणार.

मुद्रांकवाला

वहिवाटीचा रस्ता! प्राजक्तताई, असे निदान दोनशे दस्त मी लिहिलेत. आमचं शेवटचं वाक्य 'सदर दस्त वाचून दाखविला, तो समजून-उमजून अंगठा केला असे.' अंगठा लावताना माणूस कागदाकडे बघत नाही, लिहिणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

ते दोन गेलेले शब्द विहिरीच्या पाण्याचे दिवस ठरवलेले असतील. बघा जरा. तिथूनच भांडण लागतं.